बाजेच्या खालचे तीन तारे

कॅमेऱ्यासोबत आलेल्या पुस्तिकेत चौतिसाव्या पानावर एक बारीक चित्र होतं. चंद्रकोर आणि तिच्या शेजारी एक चांदणी. पुस्तिका नऊ भाषांत होती, त्यात मराठी नव्हती. पण चंद्रकोर वाचायला भाषा लागत नाही. वरची चकती त्या चित्रापाशी नेऊन ठेवली की कॅमेऱ्याचा डोळा पंधरा सेकंद उघडा राहतो, असं अनिरुद्धनं इंग्रजीतून वाचून सांगितलं.

"उघडा राहून काय करतो?" मी विचारलं.

"बघत बसतो."

पंधरा सेकंद नुसतं बघत बसायचं यंत्र जपानी लोकांनी मेहनतीनं तयार केलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या घरी तेच काम मी फुकट करायचो, तर त्याला वेगळंच नाव होतं.

अनिरुद्ध म्हणजे हिंगोलीच्या एका देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही एका बाकावर बसायचो आणि पदार्थविज्ञानात एकमेकांचं बघून लिहायचो, त्यामुळे चुकीचं उत्तर आलं तरी दोघांचं जुळायचं. कॅमेरा त्याच्या पुण्याच्या उद्धवभाऊजींचा. भाऊजी सासरी आले होते, जेवले होते आणि झोपले होते. ते झोपल्यावर कॅमेरा अनिरुद्धच्या पिशवीत आला. विचारण्यासाठी त्यांना उठवणं त्याला बरं वाटलं नाही.

कॅमेरा साबणाच्या डबीएवढा, पाच मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. कार्डात चोवीस फोटो बसायचे. त्यातले अकरा भाऊजींच्या नव्या मोटारसायकलचे होते, ते पुसायची सोय नव्हती. एका फोटोत मोटारसायकलच्या मागे अनिरुद्धच्या बहिणीचा, अपर्णाताईचा, अर्धा हात आला होता. म्हणजे आकाशासाठी उरल्या तेरा जागा.

हे दोन हजार पाच सालच्या डिसेंबरचं शेवटचं टोक. कॉलेजला सुट्ट्या, म्हणून मी आमच्या मेंढरांसोबत होतो. आमचा तळ कनेरगाव नाक्यापासून आत, सोयाबीन निघालेल्या एका रानात पडला होता. शेतकरी आम्हाला रानात मेंढरं बसवायला बोलावतात. रात्रभर नव्वद मेंढरं बसली की रानाला खत मिळतं आणि आम्हाला जवारी. रविवारी पहाटे इथून हलून सेनगावच्या बाजूच्या दुसऱ्या रानात जायचं, असा शब्द माझ्या बापानं देऊन ठेवलेला. बापाचं नाव सटवाजी. शब्द दिला की तो बदलत नाही. एकदा चुकून दिलेला शब्दसुद्धा त्यानं पाळला होता, त्याची गोष्ट घरात काढायला बंदी आहे.

शुक्रवारी दुपारी अनिरुद्ध कॅमेरा घेऊन तळावर आला आणि चहा पिऊन आडवा झाला. संध्याकाळी मी एकटाच मेंढरं घेऊन ओढ्याच्या काठानं परत येत होतो. मावळतीला शुक्राची चांदणी निघाली. इतकी ठळक, की तिला कुणीतरी पुसून ठेवलं असावं. मी कॅमेरा एका दगडावर ठेवला. बटण दाबल्यानं हात हलतो, म्हणून दहा सेकंद उशिरा उघडायची कळ लावली. मग मी मागे सरून श्वास धरून उभा राहिलो. फोटो कॅमेरा काढत होता, माझ्या श्वासाचा त्यात काही संबंध नव्हता, तरी धरला. असे चार फोटो काढले. तेवढ्या वेळात मी फक्त शुक्राकडे बघत होतो.

तळावर आल्यावर मायनं मेंढरं मोजली. माझी माय, बनाबाई, आकड्यांनी मोजत नाही, चेहऱ्यांनी मोजते.

"काणी कुटंय?"

काणी म्हणजे आमच्या कळपाची म्होरकी. अंगानं काळी कुळकुळीत, शेपटी तेवढी पांढरी. लहान असतानाच बाभळीच्या काट्यानं उजवा डोळा गेला. आई दगावली म्हणून मायनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. मायला आम्ही तीन लेकरं: शिवकन्या, मी आणि काणी. शिवकन्या लग्न होऊन हट्टा गावाला गेली. उरलेल्या दोघांत मी दुसरा होतो. शिवाय काणी त्या वेळी गाभण होती, त्यामुळे तिची बाजू आणखीच भक्कम.

"रस्त्यापाशी होती," मी म्हणालो. "मोजली व्हती म्या."

हे खोटं नव्हतं. रस्त्यापाशी मी मोजली होती. फक्त त्या खऱ्याला तेव्हा दोन तास होऊन गेले होते आणि मधे शुक्र निघाला होता.

शनिवारी सगळ्यांनी दिवसभर रस्ता धुंडाळला. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून लोक इतके चाललेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यात तो थर्टी फर्स्टचा दिवस. नाक्यावरच्या ढाब्यांवर सकाळपासून मोठी पातेली चढलेली. मायला तो धूर दिसत होता. तिनं भिवाजीकाकाला, म्हणजे बापाच्या धाकट्या भावाला, तपासाला पाठवलं. काका दुपारी मिशा पुसत परत आला.

"वहिनी, काणी न्हाई ती. बोकड हाय."

"कशावरून?"

"दोन वाट्या खाऊन पक्कं केलं. घाईनं कुणावर आळ नगं."

दिवस मावळला तरी काणी नाही. बापानं चूल शांत झाल्यावर जाहीर केलं, "पहाटं तळ हालवायचा."

"हालवा," माय म्हणाली. "म्या हितंच राहते."

"एकली?"

"काणी ईल तवर."

"अन् आली न्हाई तर?"

"तर म्या बी न्हाई."

बाप उठून शेकोटीच्या पलीकडे जाऊन बसला. माय अलीकडे. मधे जाळ. लग्नाला तेवीस वर्षं झालेली ही दोन माणसं पहाटे वेगळी होणार होती, आणि याचं कारण शुक्र होता. म्हणजे मी होतो, पण शुक्राचाही थोडा हात होता.

मी अनिरुद्धला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. तो देवळातल्या घरचा, त्यामुळे सल्ला तयार होता.

"जाऊन खरं सांगून टाक."

"सांगतो. तू आधी भाऊजींना फोन लावून सांग, कॅमेरा कुठंय ते."

"ओढ्याकडं जाऊन शोधू," तो म्हणाला.

पण ओढ्याकडं उघड शोधायला गेलो असतो तर मायनं विचारलं असतं, रस्त्यावर हरवलेली ओढ्यात काहून शोधून राहिला? म्हणून ठरलं, की आकाशाचे फोटो काढायचे म्हणून रानाच्या पार उत्तरेच्या कोपऱ्यात, ओढ्याला तोंड करून बसायचं. तिथं शेकोटीचा उजेडही पोचत नव्हता. मी दोनदा येड्या बाभळीच्या बनापर्यंत जाऊन हाक मारून आलो. मायला ऐकू जाऊ नये म्हणून हाक कुजबुजून मारली. "काणे… ए काणे…" हरवलेल्या मेंढीला कुजबुजून हाक मारणारा त्या रात्री जिल्ह्यात मी एकटाच असेन. तिकडून काही आवाज आला नाही.

आता आलोच होतो, कॅमेरा होताच, आणि वर आकाश होतं. कसलं होतं म्हणता! अमावास्या, लोडशेडिंग, चारी बाजूंनी गावं विझलेली. मी जन्मापासून रानात झोपत आलोय, पण त्याचा फोटो काढायचा म्हणून वर बघितलं तेव्हा पहिल्यांदाच वाटलं, की हे जरा जास्तच आहे.

जवारीचं अर्धं पोतं बांधावर ठेवलं, त्यात कॅमेरा रुतवून बसवला आणि तिकांड्याकडं तोंड केलं. तिकांडं म्हणजे एका ओळीतले ते तीन तारे, शहरातले लोक ज्याला मृग म्हणतात त्यातले. फ्लॅश बंद. कळ दाबली. दहा सेकंद लाल दिवा लुकलुकला. मग टिक्. मग पंधरा सेकंद काहीच नाही. मग आणखी पंधरा सेकंद कॅमेरा स्वतःशीच काहीतरी विचार करत बसला. आणि मग पडद्यावर आलं.

काळ्या घोंगडीवर कुणीतरी मिठाची मूठ उधळली होती.

"आयला!" अनिरुद्ध ओरडला. पुजाऱ्याच्या घरात हा शब्द चालत नाही, पण तिथं पुजारी नव्हते.

"लाल! हा बघ, हा लाल आलाय!"

"अन् ह्यो निळा!"

"डोळ्याला इतके दिसतच नाहीत रे! मोज, मोज!"

आम्ही मोजायला बसलो. एकशे बारापर्यंत गेलो, तेवढ्यात अनिरुद्धनं पडद्यावर बोट ठेवलं आणि बोटाखाली आठ तारे गेले. परत पहिल्यापासून. थंडी एवढी होती की त्यानं माकडटोपीवरून उपरणं बांधलं होतं, पण तो बांधावर नाचत होता. मीही नाचत होतो. कृत्तिकांचा पुंजका काढला, त्यात सात तारे वेगळे मोजता आले. एक फोटो अनिरुद्धच्या नाकाचा आला, कारण पंधरा सेकंद संपले का ते बघायला तो मधे वाकला होता. तारे त्याच्या नाकातून आरपार दिसत होते.

मला खरी हवी होती ती बाज. बापाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो: उत्तरेला एका म्हातारीची बाज आहे, चार ताऱ्यांची चार खुरं. आणि ती बाज चोरायला मागून तीन चोर लागलेत. शाळेत गेल्यावर कळलं की ते सप्तर्षी आहेत. आमच्याकडं ते ऋषी नव्हते, त्यातले तिघे तर सरळ चोर होते. म्हातारीला डोळा लागला की चोर बाज पळवतील, म्हणून ती पृथ्वी झाल्यापासून झोपलेली नाही. घड्याळ नव्हतं तेव्हा बाप या बाजेवर तळ हलवायचा.

सव्वादहाच्या सुमाराला बनाच्या डोक्यावर बाजेचे चार तारे निघाले. मी पोतं फिरवून त्यात कॅमेरा जरा खाली तोंड करून बसवला, म्हणजे खाली बन आणि वर बाज दोन्ही येतील. आणि सेल मेले.

"संपलं," अनिरुद्ध म्हणाला.

"थांब." मी सेल काढून बगलेत धरले. गार पडलेले सेल ऊब दिली की थोडे जगतात, हे आमच्या बॅटरीवर करून पाहिलेलं. पाच मिनिटं मी बगला मिटून कोंबडीसारखा बसलो. मग सेल घातले, कळ दाबली, लाल दिवा लुकलुकला आणि… भक्क! फ्लॅश उडाला. सेल काढले की कॅमेरा सगळं विसरतो आणि फ्लॅश पुन्हा चालू होतो, हे चौतिसाव्या पानावर नसावं.

"वाया गेला!" अनिरुद्धच्या डोळ्यांपुढं हिरवे गोळे नाचत होते.

पण डोळा उघडाच होता. पंधरा सेकंद त्यानं बघून घेतलं, पंधरा सेकंद विचार केला, आणि पडद्यावर बाज आली. खाली बनाचा काळा पट्टा. आणि त्या काळ्या पट्ट्याच्या बुडाशी, जिथं फक्त जमीन होती, तीन तारे.

आम्ही बनाकडं बघितलं. काही नव्हतं. पडद्याकडं बघितलं. तीन तारे.

"चोर," मी म्हणालो. "तीन चोर."

"चोर अजून उगवलेच नाहीत! बाजेच्या मागून येतात ना?"

"म्हणून तर! ह्यानं जमिनीतून बघितलं!"

यावर दोन बी.एस्सी.वाल्यांनी जे करायला पाहिजे तेच आम्ही केलं, म्हणजे सिद्धांत मांडला. अनिरुद्धच्या मते फ्लॅशचा उजेड ताऱ्यापर्यंत गेला आणि उलटून कॅमेऱ्यात आला. डोळा पंधरा सेकंद उघडा, उजेड सेकंदाला तीन लाख किलोमीटर, जाऊन येऊन पंचेचाळीस लाख, निम्मे केले.

"साडेबावीस लाख किलोमीटर," तो म्हणाला. "जास्तीत जास्त. चंद्राच्या सहापट लांब. इतक्या जवळ तारा आजपर्यंत कुणालाच सापडलेला नाही, प्रभ्या!"

माझं उत्तरही तेवढंच आलं, म्हणजे बरोबरच असणार.

आता फ्लॅश मुद्दामच चालू ठेवला. दुसरा फोटो: तीन तारे, पण वरचा एक थोडा डावीकडं सरकलेला. तिसरा फोटो: वरचा तिथंच, खालचे दोन मात्र एकदम वर उचललेले.

"सरकून राहिले!" मी ओरडलो.

"तारे सरकत नाहीत. ग्रह सरकतात!"

"मग ग्रह!"

"तीन ग्रह?"

"एका रात्रीत!"

आम्ही रान ओलांडून पळत सुटलो. ढेकळांत दोनदा पडलो, पण कॅमेरा वर धरून पडलो.

शेकोटीच्या पलीकडं बाप, अलीकडं माय, मधे भिवाजीकाका. कुणीही झोपलेलं नव्हतं.

"बा, तीन ग्रह घावले!"

बापानं कॅमेरा हात लांब करून धरला. पडदा काडेपेटीएवढा. सेलचं चित्र तांबडं लुकलुकत होतं.

"ही बाज," बाप म्हणाला. "बराबर. अन् ही खालची काय?"

"चोर, न्हाईतर ग्रह."

"चोर बाजेच्या मागून येतात. एकेक येतात, तिघं संगट न्हाई. अन् उगवायच्या आदी तर कुणीच येत न्हाई." त्यानं पुढचा फोटो बघितला. मग त्याचा चेहरा बदलला. "हे आभाळातलं न्हाई, पोरा. जनावराचे डोळे हायेत. बॅटरी मारली का असेच चमकतात."

साडेबावीस लाख किलोमीटर तिथल्या तिथं संपले.

"तीन डोळे?" अनिरुद्धनं बारीक आवाजात विचारलं. "तीन डोळ्यांचं काय असतं?" त्याच्या घरी तीन डोळ्यांचं जे असतं ते दगडाचं होतं आणि त्याला रोज आंघोळ घालायची असते. हे हलत होतं.

"लांडगे," बाप उठला. "दोन. एक समोर बघतोय, एक आडवा उभा. भिवा, काठी घे."

"लांडगे न्हाईत, बिड्या हायेत," काका म्हणाला. "तिघं जण बिड्या वढून राहिले. काणी त्यांनीच नेली अन् आज बाकीच्या न्यायला आले. थर्टी फर्स्टाचं गिऱ्हाईक हाय."

"बिडी भक्कन उजेड पडल्यावरच काहून दिसंल?"

"तेवढ्यापुरती वढत असतील."

"आणा हिकडं," माय म्हणाली.

तिनं कधी कॅमेरा हातात धरलेला नव्हता. मी तिला कळ दाखवली. तिनं पहिला फोटो बघितला. दुसरा बघितला. तिसरा बघितला. परत पहिला. तिचा अंगठा पडद्यावर एकेका ताऱ्याशी थांबत होता, मेंढरं मोजताना थांबतो तसा.

"वर एक," ती म्हणाली.

"व्हय, आडवा लांडगा," बाप म्हणाला.

"तीनदा काढला. त्यो तीनदा आडवा काहून? लांडगा हाय, एकदा तरी सामनं बघंल का न्हाई?"

बाप परत खाली बसला.

"वर एकच. दर येळी एकच. अन् खाली दोन, बारके, जवळजवळ. हितं खाली हायेत, हितं उभे राहिलेत." तिनं मान वर केली. "कुठल्या अंगाचं हाय हे?"

"ओढ्याच्या बनाकडचं," मी म्हणालो.

"माय माझी! येली की ती!"

कॅमेरा माझ्या अंगावर टाकून माय पळाली. अनवाणी, अंधारात, लुगडं वर खोचून. बाप काठी घेऊन मागं, त्याच्या मागं काका कोयता आणि बॅटरी घेऊन, त्याच्या मागं मी, माझ्या मागं अनिरुद्ध, कारण तळावर एकट्यानं थांबणं त्याला लांडग्यापेक्षा वाईट वाटलं. बी.एस्सी.त जे सुटलं नव्हतं ते तिनं चुलीपाशी बसून सोडवलं होतं. वरचा एक आणि खालचे दोन. काणी, आणि काणीचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू.

बनात शिरायची वाट नव्हती. मायनं ती पाहिलीच नाही, ती सरळ शिरली. "काणे!" ती अख्ख्या रानाला ऐकू जाईल अशी ओरडली, आणि आतून उत्तर आलं. उत्तर म्हणजे खरखर. दीड दिवस ओरडून ओरडून काणीचा घसा बसला होता. निवडणुकीच्या शेवटच्या दिवशी उमेदवाराचा बसतो तसा. मी कुजबुजून हाका मारत होतो आणि ती कुजबुजून उत्तर देत होती. आमच्या दोघांचा सगळा संवाद वाया गेला होता.

काकानं बॅटरी मारली. काणी येड्या बाभळीच्या जाळीत लोकरीनं अडकून उभी होती, चारी बाजूंनी काट्यांनी धरलेली. आणि तिच्या पायांशी, नुकतंच उभं राहायला शिकलेलं, थरथरत, दोन डोळे लुकलुकवत एक काळं पिल्लू. शेपटी पांढरी.

मग जे झालं त्याला पद्धत नव्हती. बाप काकाच्या कोयत्यानं काटे तोडत होता, माय हातानंच तोडत होती, काका "हळू, हळू" म्हणत होता आणि अनिरुद्ध मोठ्यानं कुठलंतरी स्तोत्र म्हणत होता, तेही मधलं कडवं सोडून. मी पोटावर सरपटत खालून आत गेलो आणि पिल्लू स्वेटरात घालून बाहेर काढलं. काणी सुटली तेव्हा तिची निम्मी लोकर झाडावर राहिली. बाहेर येऊन तिनं पहिल्यांदा मला डोक्यानं ढुशी दिली. जोरात. तिला सगळं माहीत होतं.

परत येताना मी पावलं मोजली. बनापासून आमच्या पोत्यापर्यंत चाळीस. साडेबावीस लाख किलोमीटरमधून आम्ही थोडे चुकलो होतो.

तळावर काणीला गुळाचं पाणी पाजलं. माय एकदा तिला, एकदा पिल्लाला पुसत होती आणि मधूनच नुसतीच हसत होती. बापानं शेकोटीत नवं लाकूड घातलं आणि तो अलीकडं, मायच्या शेजारी येऊन बसला.

"पहाटं तळ हालवायचा," तो म्हणाला.

"मग?" माय म्हणाली. "म्या न्हाई म्हणले का?"

तेवढ्यात नाक्याकडं फटाके वाजायला लागले. बारा. सहा साल लागलं. मी उत्तरेकडं बघितलं तर बनाच्या डोक्यावर बाज चांगली वर आली होती, मागं दोन चोर लागले होते आणि तिसरा नुकताच काट्यांतून डोकं काढत होता.

"अजून जागा आहे कार्डात," अनिरुद्ध म्हणाला. "पण सेल पार मेलेत."

"आण," माय म्हणाली आणि ते दोन सेल तिनं फडक्यात गुंडाळून पिल्लाच्या पोटाखाली ठेवले. दहा मिनिटांनी काढले तर भाकरीसारखे गरम.

आम्ही वाघुरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, दक्षिणेच्या टोकाला पोतं ठेवलं. समोर सगळा कळप, वर बाज. फ्लॅश मुद्दाम चालू ठेवला. भक्क! पंधरा सेकंद बघणं, पंधरा सेकंद विचार.

वर बाज आणि तिसऱ्यासकट चोर. आणि खाली, जमिनीवर, तेवढंच दुसरं आभाळ. दोन-दोन, दोन-दोन, दाटीनं पसरलेले तारे. त्यांच्या कडेला एक एकटा, आणि त्याच्या बुडाशी दोन बारके.

सगळे एकदम बोलले. काका म्हणत होता, ह्या फोटोतला पहिला डोळा कळपातल्या त्याच्या बोकडाचा. बाप म्हणत होता, चोर बघा, बराबर मागून आलेत. अनिरुद्ध मला मिठी मारून माझ्या कानात ओरडत होता.

"द्या मला," माय म्हणाली. "मोजू द्या."

तिनं अंगठ्यानं मोजलं. "हाय," ती म्हणाली. "समदं बराबर हाय." आणि खुशीत येऊन तिनं मघाशी शिकलेली कळ परत दाबली. आणि परत. आधीचे फोटो यायला लागले. खालचे तीन तारे. कृत्तिका. अनिरुद्धचं नाक. तिकांडं. मायला ते फार आवडून राहिलं होतं. माझ्या लक्षात आलं की ती कुठं निघालीय, आणि मी मनातल्या मनात सेलांना म्हणालो, आता मरा. पण ते मरत नव्हते. पिल्लानं चांगलेच तापवले होते.

शुक्र आला. ओढ्याच्या काठावरचा. आभाळ निळं, चांदणी ठळक, फोटो खरं तर सुंदर आला होता. आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात, बनाच्या दिशेनं बाहेर चाललेली, चालता चालता धुरासारखी लांबलेली एक काळी मेंढी. शेपटी पांढरी.

माय त्या फोटोकडं बघत राहिली. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. पापणी न हलवता. मी मोजले. बरोबर पंधरा सेकंद.

मग आणखी पंधरा सेकंद तिनं विचार केला.

"रस्त्यापाशी," ती म्हणाली.

"मोजली व्हती म्या," मी म्हणालो.

"पिल्लू सेनगावपतूर तू घेऊन चालायचं. खांद्यावर." तिनं कॅमेरा अनिरुद्धच्या हातात दिला. "अन् ह्यो फोटू पुसायचा न्हाई. काणी लई गुणाची दिसून राहिली त्यात."

पहाटे तळ हलला. सगळ्यात पुढं काणी, तिच्या मागं माय, तिच्या मागं नव्वदीतली बाकीची, आणि सगळ्यात शेवटी मी, मानेवर पिल्लू. नाक्याच्या रस्त्याला लागल्यावर पिल्लानं माझ्या कॉलरमध्ये मुतलं, आणि अनिरुद्ध हिंगोलीच्या जीपमध्ये चढता चढता ओरडून म्हणाला, "प्रभ्या, भाऊजींना काय सांगू?"

"रस्त्यापाशी होता म्हण," मी म्हणालो.